सोपानचा तीळ

"भावजी, हे गेले..." दौंडहून वहिनींचा फोन आला तेव्हा मी शिरूरच्या माझ्या खोलीत सोपाननंच काढलेल्या फोटोंतल्या आकाशावरचे ठिपके संगणकावर पुसत बसलो होतो. सकाळी सोपानच्या छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. मी फोन ठेवला आणि खुळ्यासारखा पुढचा ठिपका पुसला. दुसरं काय करावं ते सुचेना.

सोपान दौंडला लग्नांचे फोटो काढायचा, मी शिरूरला ते संगणकावर साफ करून अल्बम लावायचो. रीळ जाऊन डिजिटल कॅमेरा आला तेव्हापासूनचा आमचा हा संसार. भेट क्वचित. फोटोंचं मेमरी कार्ड तो कागदात गुंडाळून एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचा आणि फोन करायचा. शेजारून उसाच्या गाड्या धुरळा उडवत जात असताना उघड्या मांडवात भिंग बदलायची पठ्ठ्याला भारी खोड. आत जिथं चित्र उमटतं त्या सेन्सरवर धूळ बसायची आणि मग प्रत्येक फोटोत त्याच त्या जागी करडे ठिपके. मी करवादायचो, "अरे, पुण्याला देऊन साफ करून आण की!"

"लग्नसराईत कॅमेरा तिकडं दिऊन मी काय हातानं चित्रं काढू व्हय? तू हाईस की पुसायला."

होतो खरा. शेजारचा स्वच्छ तुकडा उचलायचा, ठिपक्यावर बसवायचा... वर्षानुवर्षं मी एवढंच केलं.

गेल्या उन्हाळ्यात दौंडला गेलो तेव्हा रबरी फुंकणीनं आम्ही दोघांनी तो सेन्सर झटकला. किती ठिपके उरले ते बघायला चुना दिलेल्या भिंतीपुढं तो स्वतःच उभा राहिला आणि मी बटण दाबलं. "माझ्या थोबाडाकडं नको, भिंतीकडं बघ," म्हणाला. जन्मभर दुसऱ्यांचे फोटो काढणाऱ्या माणसाचा अलीकडचा फोटो तेवढा एकच.

दशक्रियेसाठी तोच मोठा करून दिला. डोळे भरलेले, हात सवयीनं चाललेला. फ्रेम मांडली तशा वहिनी बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "भावजी, ह्यांचा तीळ कुठं गेला?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भिंतीवरच्या ठिपक्यांबरोबर तोही मी पुसला होता. मूळ फाइलवरच सेव्ह करायची माझी वाईट खोड, आणि कार्ड केव्हाच कोरं केलेलं. त्याहून वाईट म्हणजे तीळ नेमका कुठं होता ते मला आठवेना. त्याच्या कॅमेऱ्याचा ठिपका न् ठिपका मला पाठ होता, मित्राचा चेहरा नव्हता. चार दिवस दौंडच्या एसटीच्या वेळेला स्टँडवर जाऊन उभा राहायचो. शेवटी वहिनींनाच फोन करून विचारलं.

"डाव्या गालावं... ओठाच्या कडंपासनं माझी दोन बोटं वर."

त्याच्या शेवटच्या कार्डातल्या एका फोटोतले ठिपके पुसायचे राहिले होते. त्यातल्या आकाशातला एक ठिपका मी उचलला, लहान केला, गडद केला आणि सोपानच्या गालावर बसवला. दौंडला जाऊन फोटो बदलला. वहिनींनी पदरानं काच पुसली, तिळावर बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "हां... आता हे हाईत."

तेव्हा मला सांगवलं नाही. वहिनी, तो तीळ नाही. त्याच्या कॅमेऱ्यातली धूळ आहे. माझ्याकडं त्याचं तेवढंच उरलं होतं, ते तुम्हाला दिलं.