काटा हिरव्यावर कसा गेला

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण हा किस्सा सांगताना मला अजूनही घाम फुटतो.

ती वर्षं आठवतात ना? आमच्या वर्तमानपत्राच्या पानावर रोज कुठल्या ना कुठल्या गावातल्या शेतकऱ्याचं मरण. रोज मी संतापून लिहायचो, सरकार ढिम्म! इतका थकलो होतो की संपादकच म्हणाले, "जरा जंगलात जाऊन ये. वणव्यांवर लिही." घ्या! म्हणजे एका आगीतून दुसऱ्या आगीत.

मे महिना. अमरावतीहून फटफटी काढली. वलगाव मागे पडेपर्यंतच डोकं तव्यासारखं तापलं. मेळघाटच्या पायथ्याशी वननाक्यावर पोचलो, तर चिटपाखरू नाही. माठ कोरडा. बाहेर मोठा फलक होता: हिरवा, पिवळा, लाल. आज वणव्याचा धोका किती, ते त्यावरचा काटा दाखवायचा. शेजारी पांढरी जाळीची पेटी. आत दोन तापमापक, आणि त्यातल्या एकाच्या बुडाशी चिंधी, पाण्याच्या बाटलीत बुडवलेली.

पाणी! आता वऱ्हाडातला माणूस भर उन्हात काय करतो? बाटली दुपट्ट्यावर रिकामी केली, परत जागेवर ठेवली, दुपट्टा डोक्याला गुंडाळला आणि कडुनिंबाखाली आडवा झालो. स्वर्ग हो, स्वर्ग!

दोन वाजता वनरक्षक चांदभाई झऱ्यावरून घागर घेऊन आले. मला सलाम केला, पेटीत डोकावले, पाऱ्यांवरून धोका सांगणारा तक्ता पाहिला, डोकं खाजवलं आणि काटा सरळ हिरव्यावर नेला.

मी ताडकन उठलो. "चांदभाई, पाचोळ्याचा हातात भुगा होतोय, अन् धोका नाही?"

"मले बी तसंच वाटून राह्यलं साहेब. पण दोन्ही पारे बरोबरीत आहेत ना! म्हणजे हवेत पाणीच पाणी."

"कुठे आहे पाणी?"

"तेच तं मी बी पाहून राह्यलो!"

"मग लाल करा ना!"

"वरचे साहेब म्हणतात, डोकं लावू नको, तक्ता पाह्य. लाल केला तं तेच इचारतीन, कावून केला?"

बस! मला एवढंच हवं होतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर, फोटोसकट: 'जंगल तापले, वनखाते हिरवेगार!'

इतकी वर्षं लिहिलं, कधी एक शिपाईसुद्धा हलला नाही. या बातमीनं मात्र तीन दिवसांत चांदभाई निलंबित! मी कचेरीत पेढे वाटले. अहो, खरंच वाटले!

पेढा तोंडात असतानाच चांदभाई दारात उभे. आपल्या दुपट्ट्यात गुंडाळलेली पेटीतली तीच बाटली त्यांनी टेबलावर ठेवली.

"साहेब, तुमी शिकेल माणूस. हवा कोरडी अन् चिंधी ओली असली तं तिचा पारा खाली राह्यते. वाळली का दोन्ही सारखे. मंग सकायी काठोकाठ भरेल बाटली दुपारी कोरडी कशी झाली? चौकशीत हेच इचारून राह्यले. घरी तीन पोरी आहेत. नोकरी गेली तं काय करू?" मग अगदी हळू म्हणाले, "त्या दिवशी नाक्यावर तुमच्याशिवाय कोणी आलतं का?"

पेढ्यांचा पुडा मिटला आणि त्यांच्यासोबतच निघालो.

बाटली मीच रिकामी केली, असा चौकशीत जबाब दिला. खुलासा लिहिला, पहिल्या पानावर, माझ्याच नावानं. चांदभाई कामावर परतले.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा त्या नाक्यावर गेलो. आभाळ भरलेलं, नुकतीच एक सर पडून गेलेली, काटा हिरव्यावर. मला पाहताच चांदभाईंनी तांब्याभर पाणी पाजलं, पेटीचं नवं कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि काटा थेट लालवर नेला.

"आज तर पाऊस पडला, चांदभाई! लाल कावून?"

"तुमी आले ना, साहेब."