काकांची बेरीज
नारायण तेलाचा वास आला की डोंबिवलीतली ती दुपार आठवते. दहावीच्या गणितात मी दोनदा नापास झालेले. यंदाही गेलं तर लग्न, असं घरात ठरलेलं. शिकवणीत गणित अडलं तशी मी रडायलाच लागले. "बाई, मला नाही जमणार." बाई रागावल्या नाहीत. हाताला धरून आतल्या खोलीत घेऊन गेल्या. तिथे त्यांचे मिस्टर कॉटवर बसलेले, लकव्याने उजवा हात गेलेला, अंगाला तेल चोळलेलं. "बँकेत कॅशियर होते, आता साधी बेरीज येत नाही. माझ्याकडून शिकायची त्यांना लाज वाटते गं. तू शिकव." मी चादरीवर तीन शेंगदाणे मांडले, शेजारी चार. काका मोजायचे, चुकायचे, डाव्या हाताने कपाळ बडवून घ्यायचे. "काका, थांबा ना, परत करू," म्हणत मी शेंगदाणे पुन्हा मांडायचे. "सात" म्हणेपर्यंत संध्याकाळ झाली. बाई दाराकडे तोंड करून उभ्या होत्या. पुढे मी काठावर पास झाले; काका मात्र दहाच्या पुढे कधीच गेले नाहीत. आता कल्याणला मीच शिकवण्या घेते, पण समोरच्याला कळावं म्हणून इतका जीव तुटणं पुन्हा कधी झालं नाही.