माहूरचं उपवासाचं दळण

पुण्याहून पार्सल आलं: बिनगव्हाच्या बिस्किटांचे दोन डबे, टपालखर्च धरून सहाशे चाळीस रुपये. आत तांदळाचं पीठ, साबुदाण्याचं पीठ आणि साखर. माझ्या सात वर्षांच्या नातीला, मुक्ताला, गहू सोसत नाही. कणभर गेला तरी उलट्या. बिस्किटांनी पोट भरायचं, अंगात रक्त काही चढेना.

मग ठरवलं, नानकटाई आपणच करायची. रक्तासाठी राजगिरा, ताकदीला शेंगदाण्याचा कूट, भर म्हणून भगर, आणि गव्हाचा चिकटपणा नाही म्हणून बांधायला भिजवलेला जवस. अडचण दळणाची. मिक्सरमध्ये राजगिरा बारीक होत नाही, लातूरच्या गिरण्यांत रोज गहू. माहूरची एक गिरणी नवरात्रात फक्त उपवासाचं दळते, असं ऐकलं होतं. देवीचं दर्शनही राहिलं होतं. निघाले.

एसटीनं लातूर-नांदेड, पुढे माहूर. अख्खा दिवस जातो. पाणी घरूनच न्या. दोन्ही बाजूंना सोयाबीन करपून उभं होतं. मागच्या बाकावर चाललेलं:

"किनवट जिल्हा झाला की नळाला पाणी येईल म्हणतेत."

"हाव. आधी पाटी येईल, मग साहेब येतील. पाणी लई मागं हाय रांगेत."

गड चढून मुक्तासाठी ओटी भरली. खाली गिरणीत राजगिरा-भगर दिली. किलोला पंधरा रुपये.

"दादा, गहू नाही ना?"

"काकू, देवीच्या दारात बसलोय. उपवासाचं दळण हाय."

मला तेवढं पुरलं.

परतताना नांदेडला बेकरी गाठली. आपलं पीठ-तूप नेलं की भाजून देतात, किलोला ऐंशी. भट्टीवरचे चाचा म्हणाले, "ट्रेला मैदा असतोय ताई, नवा कागद टाकतो. बच्चीचा सवाल हाय."

घरी मुक्तानं तीन खाल्ल्या, चौथी मागितली. "आज्जी, ही डब्यातल्या बिस्किटावानी घशात बसत न्हाई गं." दिवेलागणीला उलट्या सुरू झाल्या. दोन दिवस सलाईन.

पिठाच्या पिशवीवर गिरणीचा नंबर होता. विचारलं, नवरात्राआधी गिरणी धुतली होती का?

"एरवी गहूच दळतो, म्हणून दरसाल धुतो काकू. औंदा टँकरच आठ दिवसाला. धुण्याऐवजी मूठभर राजगिरा फिरवून फेकून दिला. उपवासाला चालतंय तेवढं."

उपवासाला चालत असेल. मुक्ताच्या आतड्याला चालत नाही, आणि मी दोन्ही एकच धरून बसले होते.

माहूरला जरूर जा. नानकटाईचं प्रमाणही चांगलं आहे. पण मुक्ताचं वजन पुन्हा उतरलंय, दिवाळीनंतर रक्त तपासायचंय. लातूर, जळकोट, देवणी, कुठेही गहू शिरतच नाही अशी गिरणी असेल, तर मालकाला समक्ष विचारून मला उलट टपाली कळवा.