म्हसोबापासून हातभर पुढे

बायको जाऊन चार महिने झाले. लोक भेटायला येतात आणि म्हणतात, अन्नपूर्णा होती. मी ऐकून घेतो. स्वयंपाक ती बेताचाच करायची, वरणात मीठ हमखास जास्त. ती काय होती ते कापसाच्या जीनाजवळच्या सहा दुकानांना विचारा. दुकानांच्या कागदावर नाव माझं आहे, म्हणून हे लिहून ठेवतो. मी चौथी शिकलेला माणूस, चुकलं तर समजून घ्या.

तिचा बाप गवंड्यांचा मुकादम. रेल्वेची गोदामं बांधत होता तेव्हा ही पोर त्याची भाकर घेऊन जायची आणि तिथंच ओळंबा धरायला शिकली. पुढे आमच्या गावी कमेटीनं, म्हणजे नगरपालिकेनं, जीनाजवळची पडीक जागा दुकानांसाठी द्यायला काढली. तिथं नुसता तरोटा आणि बाभळी. कोणी पुढे येईना. ही बाजाराच्या दिवशी दिवसभर तिथं रस्त्याकडेला बसली आणि घरी येऊन म्हणाली, "सोनाळ्याच्या, संग्रामपूरच्या साऱ्या गाड्या कापूस टाकून इथूनच वापस जातात. बायाईले बांगड्या भराले गावात आत जा लागते, तवर बैल उन्हात उभे. थे जागा घ्या."

दुकानदारांशी ती बोलली नाही. हळदीकुंकवाला कासाराच्या, शिंप्याच्या, किराणावाल्याच्या बायकांशी बोलली. जागा हाती येण्याआधीच सहापैकी पाच दुकानं ठरली होती.

कमेटीची एक अट कडक होती. समोरची भिंत आखलेल्या रेषेच्या आत पाहिजे. रस्त्यावर आली तर बांधकाम पाडायचं आणि जागा परत. त्या जागेपायी तिच्या पाटल्या गेल्या होत्या. तिनं स्वतः दोरी धरून खुंट्या ठोकल्या आणि बाप आजारी म्हणून आठ दिवस माहेरी गेली.

मागच्या भिंतीचा पाया खणताना कोपऱ्यात शेंदूर फासलेला दगड लागला. म्हसोबा. गवंडी कुदळ टाकून दूर झाला.

"भाऊ, देवाच्या आंगावर मी भित नाई घालत. लेकरं हायेत मले."

आमचं एक लेकरू आधीच गेलेलं. गवंडी म्हणाला, "साऱ्या दुकानाईची वळ हातभर पुढं घेऊ. हातभर कोन पाह्यते?" मी माझ्या हातानं खुंट्या उपटल्या आणि पुढे ठोकल्या.

ती परत आली तेव्हा समोरची भिंत कंबरेइतकी झाली होती. कोपऱ्यावर उभी राहून तिनं एक डोळा मिटला आणि ओळ पाहिली.

"खुट्या कोनं सरकवल्या?"

"कोनंच नाई."

"मंग रस्ता सरकला म्हना."

आणि घराकडे चालू लागली. तो शुक्रवार होता आणि मंगळवारी मोजणी. माझं जेवण सुटलं. दिवसातून तीनदा जाऊन मी रस्ता हातानं मोजायचो. कधी भिंत हातभर बाहेर यायची, कधी वीतभर. शनिवारी म्हणालो, "कमेटीच्या कारकुनाले जेवाले बलावू काय?"

"बलावा. जेवल्यावर भित मांगं सरकते काय?"

रविवारी सकाळी ती चुलीपुढे होती. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, "म्हसोबा निंगाला होता. मी भेलो."

तिनं तवा उतरवला. "तवाच सांगतलं असतं तं दोन दिस वाचले असते." आणि पदर खोचून निघाली.

जागेवर तिनं आधी दगड धुतला, तेलशेंदूर लावला, नारळ फोडला. मग गवंड्याला म्हणाली, "मांगच्या भितीत देवाले कोनाडा ठेव. सहावं दुकान तेवढं लहान होईन, थे मी घेतो. आता हे समोरची पाड."

गवंडी माझ्याकडे पाहायला लागला.

"त्याईच्याकडे काय पाह्यतं? खुटी उपटाले ते होते, ठोकाले मी हावो."

दोन दिवसांत भिंत पाडून, पाया मागे घेऊन पुन्हा गुडघ्याएवढी उभी करायची होती. माणसं पुरेनात. कासाराची बायको आली, शिंप्याची आली, चिखलाचा गारा वाहू लागल्या. मी दगड वाहिले. सोमवारी दिवस मावळता शेवटचा थर बसला.

मंगळवारी कमेटीचा साहेब मोजणीची साखळी घेऊन आला. साखळी ताणली. साहेबानं खाली वाकून पाहिलं, मग ओल्या गाऱ्यात काठी खुपसली.

"ही भिंत नवी दिसते."

डोक्यावर पदर घेऊन ती मागं उभी होती. म्हणाली, "कालची हाय. आंधी चुकली होती, पाडली."

"कोणी चुकवली?"

मी पुढे होऊन म्हणालो, "मी."

साहेबानं माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि कागदावर सही केली.

नंतर रस्त्यापलीकडची जागाही दुकानांसाठी आखायची ठरली तेव्हा कारकून नकाशा घेऊन घरी आला. मी हात पुढे केला. तो म्हणाला, "बाईंना दाखवा."

सहाव्या दुकानात ती अखेरपर्यंत बसली. आता रोज सकाळी मी तिथं जातो, कोनाड्यात शेंदूर लावतो आणि कोपऱ्यावर उभा राहून एक डोळा मिटतो. मला त्यातलं काही कळत नाही. तरी पाहतो. कोणी काही सरकवलं तर आता ओळखणारं माणूस राहिलं नाही, ही धास्ती जात नाही.