दिवाणावरचा खिळा

पाटीवाल्या काकांच्या घरात दिवाणाच्या वर भिंतीला एक रिकामा खिळा होता. लग्नानंतर काकांनी तो मोठ्या हौसेने ठोकला होता. "इथे मी काढलेलं चित्र लागेल," असं त्यांनी काकूंना सांगितलं होतं, "माणसांनी भरलेलं!" मग जन्मभर त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. बाजारातलं झाडून सगळं अक्षर त्यांच्या हातचं, माणूस मात्र एकही नाही. आता हात थरथरायला लागला, तेव्हा काकूंनी निर्वाणीचं सांगितलं, "यंदाच्या उत्सवात चित्र झालं तर झालं. नाहीतर त्या खिळ्याला मी कांद्यांची पिशवी अडकवणार."

उत्सवात रस्ता नुसता फुलून गेला होता. काकांनी चौकात स्टँड मांडला, कॅनव्हास लावला आणि पहिला निळा फटकारा मारला. लगेच एक फुगेवाला बघायला मागे येऊन उभा राहिला. त्याच्या मागे दोन बायका, त्यांच्या मागे बँडवाले, वाजवत वाजवत. काकांनी मान वर केली तर समोर चिटपाखरू नाही. अख्खा उत्सव त्यांच्या पाठीशी उभा!

"अहो, समोर जा ना! मला तुम्हालाच काढायचंय."

"समोर गेलो तर चित्र कसं दिसणार?" फुगेवाला म्हणाला. मुद्दा बिनतोड होता.

काकांनी स्टँड उलटा फिरवला. गर्दी शिस्तीत वळसा घालून पुन्हा मागे. पुन्हा फिरवला, पुन्हा वळसा. तिसऱ्या खेपेला बँडवाल्यांनी त्यावर ठेका धरला आणि पलीकडच्या गल्लीतले लोकही येऊन सामील झाले.

"हा कसला कार्यक्रम?"

"काय की! पण फिरायचं असतं."

काकू गर्दीतून वाट काढत आल्या. "चला घरी. पिशवी धुऊन वाळत घातलीय."

काकांनी समोरच्या दुकानावरच्या आपल्याच पाटीकडे मान वर करून बघितलं. मग म्हणाले, "घडीची शिडी आण."

"या वयात? पडाल!"

"आजवर कधी पडलोय?"

"दोनदा."

तरी शिडी आली. काका वरच्या पायरीवर बसले, कॅनव्हास पुढ्यात बांधला आणि काय आश्चर्य, हाताची थरथर थांबली! जन्मभर शिडीवरूनच पाट्या रंगवायची सवय, हाताला जमिनीवरच भीती वाटत असावी. खालून कोणाला काही दिसेना. मग सगळे जागच्या जागी, तोंडं वर करून बघत राहिले.

"दाखवा की!"

"हललात तर नाही दाखवणार."

कोणी हललं नाही. उंच काठ्यांवर चालणारा विदूषक तेवढा काकांच्या बरोबरीला पोचत होता. खालून सगळे त्यालाच विचारत होते.

"अरे, माझं नाक आलं का?"

"आलंय! पण बँडवाल्याच्या तोंडावर."

चित्र खिळ्यावर लागलं. सगळी माणसं तोंड उघडून वर बघताहेत. घरी येणारा पाहुणा आधी चित्राकडे बघतो, मग हळूच छताकडे.

पहिल्या दिवशी काकू बराच वेळ चित्रासमोर उभ्या होत्या. "यात मी कुठेय?"

काकांनी बोट ठेवलं. शिडीच्या पायथ्याशी एक पांढरा भांग आणि घट्ट आवळलेले दोन हात.

"आणि तोंड?"

"तू वर बघितलंच नाहीस."

"बघितलं असतं तर शिडी कोणी धरली असती?"

काकांनी हातोडी काढली. कांद्यांच्या पिशवीसाठी त्यांनी स्वयंपाकघरात एक नवा खिळा ठोकला, जमिनीवर उभं राहून. काकू म्हणतात, तो जरा वाकडाच लागलाय.