खडकवासल्याचा संवाद

मला आजही राग येतो तो दीनानाथ सरांचा, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या जर्मनच्या क्लासमध्ये सकाळची बॅच मी शिकवायचे.

आबेदा तांबोळी त्याच बॅचला यायची. मंडईमागे राहणारी, नऊ वर्षं नर्स. रात्रपाळी उरकून थेट वर्गात, डोळे लाल, पण गृहपाठ पूर्ण. जर्मनीतल्या एका इस्पितळाने तिला नोकरीचं पत्र दिलं होतं. जूनअखेर परीक्षेचं प्रमाणपत्र दाखवलं नाही, तर ते रद्द.

परीक्षेचे भाग चार: वाचन, श्रवण, लेखन, संभाषण. प्रत्येकात शंभरापैकी साठ हवेत. संभाषणाला दोन उमेदवार समोरासमोर बसवतात आणि दोघांनी मिळून काहीतरी ठरवायला सांगतात. एवढंच.

पण आमच्या सरांना साधं कसं चालेल? त्यांनी खडकवासला धरणावरच्या सहलीचा संवादच लिहून काढला. सकाळच्या बॅचने पहिल्या माणसाची वाक्यं घोकायची, दुपारच्या बॅचने दुसऱ्याची. "विषय कुठलाही येवो, गाडी खडकवासल्याला न्यायची," असं वर अभिमानाने सांगायचे. हा खुळचटपणा मला कळत होता. तरी मी घोकून घेतलं.

मार्चच्या परीक्षेत आबेदासमोर नेमकी सकाळच्याच बॅचची मैना आली. विषय होता, आजारी मैत्रिणीला भेटायला जायचं. आबेदा म्हणाली, आपण खडकवासल्याला जाऊ, मी डबा आणते. मैना म्हणाली, आपण खडकवासल्याला जाऊ, मी डबा आणते. मग दोघी गप्प. नऊ वर्षं आजाऱ्यांची सेवा केलेली बाई, आणि आम्ही तिच्या तोंडी डबा दिला होता. बाकी तिन्ही भागांत ऐंशीच्या वर, संभाषणात एकेचाळीस.

"तुम्ही बॅच बदलून घ्यायला हवी होती," सर तिलाच म्हणाले.

नापास झालेला भाग तेवढा पुन्हा देता येतो. तिने तो मेमध्ये दिला, एक ओळ न घोकता. समोरची उमेदवार घाबरून गप्प झाली, तेव्हा वॉर्डात पेशंटला बोलतं करावं तसं आबेदाने तिला बोलतं केलं. ब्याऐंशी मिळाले.

चार दिवसांत क्लासबाहेर फ्लेक्स लागला, 'दीनानाथ पॅटर्नचं यश', मधोमध आबेदा. ती आली, पर्समधून ड्रेसिंगची कात्री काढली, स्वतःचा फोटो कापून घेतला.

"सर, इथे धरणाचा फोटो लावा. शोभून दिसेल."

मग माझ्याकडे वळली. "मॅडम, हे चुकतंय हे तुम्हाला माहीत होतं ना?"

सर माझ्याकडे बघत होते. त्याही दिवशी मी काही बोलले नाही.