न्याय निगडीहून सुटतो

आमच्या कंपनीच्या बसमध्ये जागेवर रुमाल टाकायची कुणाची छाती नव्हती. टाकलाच, तर वकीलकाका तो दोन बोटांत उचलून ज्याचा त्याच्या हातात द्यायचे. "बसायला माणूस लागतो, रुमाल नाही." काका वकीलबिकील काही नव्हते, स्टोअरमध्ये कारकून होते, पण बसचे इनचार्ज आणि तोंडात सदा कायदा, म्हणून हे नाव.

त्यांच्याआधी बसमध्ये नुसती भांडणं. साहेबांची माणसं उशिरा यायची आणि राखलेल्या जागेवर ऐटीत बसायची. काकांनी एकच नियम केला : जो आधी चढेल, तो बसेल. जागा राखायची नाही, कुणासाठी उठायचंही नाही. एकदा खुद्द एचआरचे साहेब चढले, त्यांनाही निघोज्यापर्यंत, थेट कंपनीच्या गेटपर्यंत, दांडीला लटकवलं. आम्ही हसून हसून बेजार. असा माणूस आवडणार नाही तर काय!

फक्त एक गोष्ट होती. बस निगडीहून सुटायची आणि तिथेच भरायची. मी चढायची शेवटच्या थांब्यावर, तळवड्याला. तिथे कसलं आधी आणि कसलं नंतर? रोज उभीच. त्यात माझ्या मणक्यातली गादी सरकली. डॉक्टर म्हणाले, धक्के बंद करा, नाहीतर नोकरी बंद करा. कंत्राटी बाई मी. नोकरी बंद म्हणजे माझी आणि लेकीची चूल बंद. काकांना म्हटलं, "सकाळी तळवड्यासाठी एक जागा ठेवा ना."

"कळतं गं पोरी," ते खरोखर कळवळून म्हणाले, "पण तुला सवलत म्हणजे दुसऱ्यावर अन्याय. कायदा सगळ्यांना सारखा." चुकतंय कुठे ते मला सांगता येईना, आणि कंबर तर ठणकत होती.

मग काकांची निगडीतली इमारत पाडून नवी बांधायला घेतली आणि ते भाड्याने राहायला आले कुठे, तर तळवड्याला! पहिल्या सकाळी चढले, तर बस गच्च. तिघं-चौघं उठले. "बसा खाली," काका ओरडले, "नियम माझाच आहे." आणि माझ्या शेजारची दांडी धरली.

पावलं सुजायची त्यांची. एक दिवस हळूच विचारलं, "इथे कधीच जागा नसते का गं?"

"कधीच नसते, काका. तुमचा न्याय निगडीहून सुटतो. आमच्यापर्यंत येतो तेव्हा भरलेला असतो."

काका म्हणाले, "चुकलंच माझं. सगळ्यांना सारखं वागवलं की झालं, असं वाटायचं."

"मग बदला की नियम!"

"आता कसा बदलू? लोक म्हणतील, स्वतःला बसायला मिळावं म्हणून बदलला."

अस्सा संताप आला! अहो, म्हणू देत ना लोकांना! पण नाही. त्यांच्या सचोटीने त्यांनाही डांबलं आणि मलाही. वळण आलं की ते आपली बॅग माझ्या कमरेमागे धरायचे. जागा तेवढी देता येत नव्हती.

दिवाळीआधी मला अंथरुणातून उठवेना. नोकरी सुटली. काका निवृत्त झाले त्या संध्याकाळी हार हातात घेऊन थेट माझ्या खोलीवर आले. "आज नियम बदलला. तळवड्याला दोन जागा राखीव. उद्यापासून मी नाही, म्हणून बोलता आलं."

"उशीर केलात, काका," मी म्हटलं. राग होता, खूप होता. आणि त्यांच्या सुजलेल्या पावलांकडे बघून डोळेही भरून आले. खोलीत खुर्ची एकच, तिच्यात मी बसलेली. ती त्यांना द्यायला मी भिंत धरून उठू लागले.

"उठू नकोस," काका म्हणाले. "ती जागा तुझी."

लेकीने दिलेला चहा त्यांनी उभ्यानेच घेतला.